पेटीतल्या बाईची ओटी

कडूबाईचं नाव तिच्या आत्यानं ठेवलं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हिला असं नाव द्यायचं की यमानं जिभेला लावून थुंकून टाकावं. यमानं थुंकलंही. पोरगी जगली, वाढली, टेकवाडीच्या म्हाळूच्या घरात सून म्हणून आली आणि सासऱ्याच्या मेंढरांमागं हिंडून उन्हानं रापली. नेकनूरच्या बाजारात कोकराचा भाव पाडायला येणाऱ्यांना तिच्या नावाची चव कळायची. बाकी बाई गोड. जरा जास्तच गोड, आणि तिचं जे काही नुकसान झालं ते त्यापायीच झालं.

टेकवाडीला जायचं तर नेकनूरच्या पुढं फाट्यावर एसटीतून उतरावं लागतं. मग आत पायी. गावाच्या खालच्या अंगाला पांढुरक्या मातीचं मोठं टेकाड आहे. गाव त्याला पांढरी म्हणतं. आपल्या आधी तिथं कुणीतरी नांदून गेलंय एवढं सगळ्यांना ठाऊक, पण त्यावर कुणाची झोप उडत नव्हती. त्या मातीनं पीक जोमात येतं म्हणून शेतकरी ट्रॉल्या भरभरून ती रानात टाकायचे. धनगरांची मेंढरं वरच्या सपाटीवर बसायची. मग एका वर्षी शहरातल्या एका संस्थेची माणसं आली, दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि ट्रॉलीनं न्यायची माती ब्रशनं झाडायला बसली. गावानं हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलं, कारण हजेरी बरी मिळत होती.

कडूबाई तेव्हा नवी नवरी. तिच्या चौकोनात, तिच्या खुरप्याच्या टोकाशी, एक भाजक्या मातीची बाई निघाली. तळहातावर मावेल एवढी, डोकं नसलेली, पोट मात्र सातव्या महिन्याचं. साहेब लोक धावत आले, फोटो निघाले, बाई कापसात गुंडाळली गेली. म्हाळू त्या रात्री म्हणाला, "लोकाच्या बायका सोनं काढत्यात, तू बिनमुंडक्याची बाई काढली." कडूबाई हसली, पण तिला पोर होत नव्हतं, आणि त्या पोटावरून बोट फिरवल्याचं तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. पोर पुढंही झालं नाही. त्याचा राग तिनं मातीच्या बाईवर काढला नाही. उलट कुणी खोदकामाचा विषय काढला की ती विचारायची, "मपली बाई कुठं ठिवली आसंल?"

बाई बीडला होती. एका बंद पडलेल्या वसतिगृहाच्या खोल्यांत त्या खोदकामाचा सगळा माल रचून ठेवलेला होता. मांजरपाटाच्या पिशव्या, त्यांत खापरं, हाडं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. वर्षं लोटली, साहेब बदलले, पिशव्या कुजल्या. उंदरांनी पिशव्यांची तोंडं उघडली आणि चिठ्ठ्या खाल्ल्या. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की ही वस्तू कुठल्या चौकोनात, किती खोलात निघाली. चिठ्ठी गेली की वस्तू जत्रेत हरवलेल्या पोराप्रमाणे होते. पोर धडधाकट असतं, पण कुणाचं ते कुणी सांगू शकत नाही.

आता हे सगळं नीट करायचं होतं, आणि संस्थेकडं पैसा नव्हता. मग काढले स्वयंसेवक. प्रमुख म्हणून परमेश्वर साहेब आले. लातूरकडचे, सरळ माणूस, आवाज बारीक आणि वरच्या ऑफिसचा फोन आला की आणखी बारीक होणारा. मदतीला सत्यशीलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. टेकवाडीवर ज्यांचा शब्द चालतो त्या विजयसिंहांची ही सख्खी बहीण, त्यामुळं निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. कॉलेजच्या स्वप्ना आणि अंजू. आणि टेकवाडीतून कडूबाई, सोबत तिची चुलतजाऊ मनकर्णा.

म्हाळू आदल्या वर्षी तापानं गेला होता. मेंढरं विकून झाली होती, चार शेळ्या उरल्या होत्या. मनकर्णाच म्हणाली, "आक्का, घरात भितीकडं बघत बसण्यापरीस चल बीडला. एसटीला बायांना अर्धं तिकीट हाय." आणि दोघी हप्त्यातून दोनदा एसटीनं बीडला जाऊ लागल्या.

काम सोपं होतं आणि त्याचा नियम एकच. एका वेळी एकच पिशवी ओतायची. ती झाडायची, काठ एकीकडं, बुडं एकीकडं, नव्या पिशवीत भरायची, एक चिठ्ठी आत, एक बाहेर बांधायची, पेटीत ठेवायची आणि मगच दुसरी उघडायची. दोन पिशव्या शेजारी ओतल्या की खापरं एकमेकांत मिसळणार, आणि खापरांना कान नसतात की मेंढरांसारखी खूण बघून वेगळी काढावीत. दुसरी गोष्ट, खायची कुठलीही वस्तू खोलीत आणायची नाही. साहेबांनी अंजूच्या पर्समधून शेंगदाण्याची पुडी बाहेर काढायला लावली होती.

एक दिवस कडूबाईच्या समोरच्या पिशवीतून कापसाचा गोळा निघाला. तिनं तो उलगडला, आतल्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही बघ मनकर्णे. मपली बाई. जरा बी वाळली न्हाई."

त्याच महिन्यात साहेबांनी सगळ्यांना बसवून बातमी दिली. विजयसिंहांनी टेकवाडीत ग्रामपंचायतीशेजारची नवी खोली देऊ केली होती. वरून परवानगी आली होती. बाई आणि काही निवडक पेट्या पावसाळ्यात गावात जाणार, काचेच्या कपाटात राहणार, शाळांची पोरं बघायला येणार. "आणि खोलीची किल्ली," साहेब म्हणाले, "कडूबाईंकडे राहील. वस्तू त्यांच्या हातची आहे."

टाळ्या वाजल्या. सत्यशीलाबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. एसटीत कडूबाई खिडकीकडं तोंड करून बसली. फाटा जवळ आल्यावर तिनं हळूच विचारलं, "मनकर्णे, किल्ली गळ्यात बांधावी का कमरंला?"

"कमरंला. गळ्यात बांधली तर शेळी वाटशील," मनकर्णा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं.

म्हाळू गेल्यावर लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, लग्नाच्या मांडवात मागं बसवायचे. आता पोरं येणार आणि म्हणणार, कडूआज्जी, दार उघडा. तिला एवढंच पाहिजे होतं. लाकूडफाट्यासारखं कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा दार उघडणारी बाई व्हायचं होतं.

मार्गशीर्षात बाईची पेटी बंद करायचा दिवस आला. साहेब बैठकीला संभाजीनगरला गेले होते. सत्यशीलाबाई घरून मोठी पिशवी घेऊन आल्या. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, हळदीकुंकवाची कोयरी. त्यांची लेक पुण्यात, पहिलटकरीण, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेली.

"असल्या भरल्या पोटाच्या बाईला रिकाम्या ओटीनं पेटीत घालायचं का?" त्या म्हणाल्या. "पाप आहे ते."

कडूबाईला ते पटलं. पण नियमही आठवला. "बाई, साहेब म्हणलेत, खायाची वस्तू आत न्हाई."

"देवीची ओटी म्हणजे काय फरसाण आहे का गं? तुला काय कळतं त्यातलं." मग त्यांनी खण उलगडला आणि आवाज मऊ केला. "आणि कडूबाई, तू जरा बाजूला हो. मनात काही आणू नकोस. शुभ आहे ना."

कडूबाई बाजूला झाली. अगदी दारापर्यंत जाऊन उभी राहिली, जणू चूक तिचीच. खोलीतल्या सगळ्या वस्तू तिच्या गावच्या, ती बाई तिच्या खुरप्याच्या टोकाची, आणि ओटी भरत होत्या सत्यशीलाबाई आणि मनकर्णा. स्वप्नानं ताट धरलं. मनकर्णा पदर सावरून पुढं झाली तेव्हा तिनं एकदा मागं वळून आक्काकडं बघितलं आणि मग कुंकवाचं बोट मातीच्या पोटावर टेकवलं. तांदूळ पडले, खोबरं बसलं, झाकण लागलं.

परतीच्या वाटंवर मनकर्णा म्हणाली, "म्या काय करू आक्का, बाई म्हणल्या म्हणून."

"तुझं काय चुकलं? सवासनीचा मान हाय तो." कडूबाई म्हणाली. गोड बाई असं आधी म्हटलं होतं ते यासाठी.

सत्यशीलाबाईंना मात्र मनात कुठंतरी टोचलं असावं, किंवा पेपरवाल्यांना कार्यक्रम पाहिजे असावा. संक्रांतीला त्यांनी विधवांसाठी हळदीकुंकू ठेवलं. मांडव, माईक, भाषण. जुन्या रूढी गाडून टाका, असं त्या खणखणीत बोलल्या. मग कडूबाईला मंचावर बोलावून, कॅमेऱ्याकडं अर्धं तोंड ठेवून, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. कडूबाईच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं, आणि ते खरं होतं. कार्यक्रमाहून परतताना एसटीत ती कुंकू न पुसता बसली. फाट्यावर उतरल्यावर इकडंतिकडं बघून पदरानं पुसलं. मार्गशीर्षातलं दारापाशी उभं राहणं तिनं त्याच पदरात पुसून टाकलं आणि सत्यशीलाबाईंना माफ करून मोकळी झाली. ज्यांना माफ केलं त्यांना त्याची गरज आहे की नाही, याची चौकशी असली माणसं कधी करत नाहीत.

पावसाळा अर्धा सरल्यावर पेट्या टेकवाडीला न्यायला काढल्या. बाईच्या पेटीच्या कोपऱ्याला मुठीएवढं भोक होतं.

साहेबांनी झाकण उचललं आणि उंदीर त्यांच्या बाहीवरून उडी मारून गेला. आत खण कातरून कातरून गादी केलेली. खोबऱ्याचा पत्ता नाही. तांदळात किडे वळवळत होते. चिठ्ठ्यांचा भुसा झाला होता. एवढ्यावर भागलं नव्हतं. शेजारच्या दोन पेट्यांनाही भोकं होती आणि मण्यांच्या पिशव्या फुटून एकमेकांत सांडल्या होत्या. सगळ्यांच्या सगळ्या महिन्यांचं काम त्या भोकातून निघून गेलं होतं. बाई तेवढी शाबूत होती. पण कुंकू ओल्या हवेत विरघळून मातीत मुरलं होतं. पोटावर गुलाबी डाग, पुसून न निघणारा.

परमेश्वर साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला. "ओटी? पेटीत ओटी? कुणी भरली?"

कडूबाईनं सत्यशीलाबाईंकडं बघितलं. तिला खरंच वाटलं की आता त्या बोलतील. शाळेतल्या बाई, पोरांना खरं बोलायला शिकवलेलं. आणि बोलल्याच त्या.

"साहेब, जाऊ द्या आता," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आमच्या कडूबाईची श्रद्धा आहे ती. वस्तू तिच्या हातची, पोटी मूल नाही, जीव गुंतलेला. खेड्यातली बाई, तिला काय कळणार पेटीचं शास्त्र? माझंच चुकलं, माझं लक्ष पाहिजे होतं."

स्वतःची चूक कबूल करायची असेल तर अशी करावी. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून.

कडूबाईला आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. मग तिनं मनकर्णाकडं बघितलं. मनकर्णा स्वतःच्या बांगड्या मोजल्यासारखी खाली बघत होती. स्वप्ना खिडकीबाहेर. अंजूनं तोंड उघडलं, सत्यशीलाबाईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं आणि अंजूनं तोंड मिटलं.

"साहेब," कडूबाई म्हणाली, "म्या पांढऱ्या कपाळाची बाई. मपल्या हातची ओटी कुनी देवी घेत न्हाई. ह्या समद्यांना इचारा. त्या दिवशी मला दाराला हुबं केलतं. आत्ता कावून मधी घेता?"

साहेब थांबले. ते काही परदेशातून आलेले नव्हते. त्यांच्या लातूरकडच्या घरातही आई होती आणि तिचंही कपाळ मोकळं होतं. ओटी कोण भरतं आणि कोण भरत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. क्षणभर ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंही.

"तसं काही आपण मानत नाही हो आता," सत्यशीलाबाई लगेच म्हणाल्या. "संक्रांतीचा फोटो बघा ना साहेब, पेपरात आलाय. मीच कुंकू लावलंय तिला. तेव्हापासून ती सगळं करते."

फोन काढला, फोटो दाखवला. कडूबाई त्यात कुंकू लावून रडत होती. ओटी मार्गशीर्षातली आणि फोटो संक्रांतीचा, आधी काय आणि नंतर काय, हे पहिलीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. खोलीत सगळे पहिलीच्या वरचे होते. ओटी भरायच्या दिवशी कडूबाई विधवा होती, आळ घ्यायच्या दिवशी सवाष्ण झाली, आणि या दोन्ही गोष्टी तिच्यावर एकाच बाईनं केल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. खोली विजयसिंहांची, बहीण त्यांची, आणि वर कळवायला एक नाव तर पाहिजे होतं. "कडूबाई, मला समजतं," ते म्हणाले. "पण मला कळवावं लागतं. किल्लीचं सध्या... मनकर्णाबाईंकडे ठेवू. नंतर बघू."

कडूबाईनं पायरीवर काढलेल्या चपला घातल्या आणि ती एकटीच स्टँडवर गेली. त्या दिवशी एसटीत दोघी जावा वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. फाट्यावर उतरल्यावर मनकर्णा मागून म्हणाली, "आक्का, सुनंचं अंगणवाडीचं हाय. इजयसिंहाच्या शब्दावर अडकलंय. म्या कसं बोलू?"

"बोलू नको," कडूबाई म्हणाली. "आजवर मी इचारलं का?" आणि पुढं चालू लागली. सत्यशीलाबाईंचं तिला तेवढं लागलं नव्हतं. त्या परक्या. पण कमरेला का गळ्यात, हे तिनं जिला विचारलं होतं, किल्ली तिच्याच कमरेला गेली होती.

खोलीचं उद्घाटन झालं. फीत, नारळ, विजयसिंहांचं भाषण. डागाचं काय करायचं यावर साहेबांनी डोकं चालवून बाईला कपाटात जरा तिरकी ठेवली. कडूबाई गेली नाही. ती पांढरीवर शेळ्या चारत होती, आणि माईकचा आवाज तिथवर येत होता, तो काही तिला थांबवता आला नाही.

पोळा झाल्यावर एका दुपारी मनकर्णा टेकाडावर चढून आली. धापा टाकत समोर बसली. पोरांची एक शाळा येऊन गेली होती. त्यांनी विचारलं, ही बाई कुठं सापडली, कुणाला, कशी. मनकर्णाला सांगता येईना. पोरं खिदळली, गुरुजी मोबाईलमधून वाचून दाखवायला लागले.

"मला ते जमत न्हाई आक्का," तिनं कमरेची किल्ली सोडली आणि पुढं केली. "तू ठिव. तू उघड, तू सांग. साहेबाला कशाला कळतंय? कुनाला सांगत न्हाई मी."

कडूबाईनं किल्लीकडं बघितलं. नवी, पिवळी, लाल गोंड्यात ओवलेली. बोटं पदराच्या टोकाशी चाळवली, थांबली.

"गेली तवा समद्यांपुढं गेली, मनकर्णे," ती म्हणाली. "यायची तर समद्यांपुढं यील. अशी चोरून न्हाई घेत मी. मी चोर न्हाई."

"आसं काय करती वं? मी तर..."

"त्या दिवशी काय झालं, ते साहेबापुढं सांग. मग दे."

मनकर्णा गवताच्या काड्या मोडत बसली. मग उठली, किल्ली तिथल्या दगडावर ठेवली आणि म्हणाली, "मी हितं ठिवून चालले. घे न्हाई तर नको घेऊ." आणि मागं न बघता उतरून गेली. रागानं गेली की लाजून, हे पाठीवरून कळत नाही.

कडूबाईनं किल्लीला हात लावला नाही. शेळ्या पुढं सरकल्या, ती सरकली नाही. एक बोकड त्या लाल गोंड्याकडं तोंड घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला खडा मारला. दुपार कलली. खाली खोलीला कुलूप होतं. आत काचेमागं तिची बाई तिरकी उभी होती, पोटावरचा डाग भिंतीकडं करून. पारावर एक-दोन माणसं आली, गेली. कडूबाई दगडापासून काठीभर अंतरावर बसून राहिली.

ही किल्ली हरवली, पडली, बोकडानं गिळली, तर आळ कुणावर येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. विजयसिंहांच्या बहिणीवर नक्कीच येणार नव्हता.

अंधारू लागल्यावर मनकर्णा परत आली. खोदकामानं पायऱ्यांसारख्या झालेल्या कडेनं अर्धी वर आली आणि तिला दिसलं की किल्ली होती तिथंच आहे आणि आक्काही होती तिथंच आहे.

"अजून हितंच?"

"राखण बसले," कडूबाई म्हणाली. "उचल आता. शेळ्या तान्हेल्यात."

मनकर्णानं किल्ली उचलली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ते त्या दिवशी बीडला बोलायचं होतं. कडूबाईनं काठी उचलली, शेळ्यांना हाळी दिली आणि दुसऱ्या बाजूनं टेकाड उतरू लागली. ती वाट लांबची होती, पण खोलीवरून जात नव्हती.